बॅक्युलाचा कॅटलॉग फुगलाय? जागा मोकळी करताना हा क्रम सोडू नका

‘डिस्क फुल्ल झालीया, जुन्या फायली उडवू काय?’ बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीपासून खानापूर-निपाणीच्या पतसंस्थांपर्यंत, जिथे जिथे कुणीतरी एकदा बॅक्युला हे बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवून दिलंय, तिथून हा प्रश्न येतोच. उत्तर ठरलेलं आहे: अजिबात उडवू नका. व्हॉल्यूमची फाइल हाताने काढली की डिस्कवर जागा होते, पण कॅटलॉगच्या हिशेबी तो व्हॉल्यूम जागेवरच असतो. मग रात्रीचा जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी चालणारं बॅकअपचं काम, तो व्हॉल्यूम मागत ताटकळतो आणि सकाळी बॅकअपच झालेला नसतो.

गोंधळाचं मूळ असं की जागा खाणाऱ्या गोष्टी दोन आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली म्हणजे व्हॉल्यूम, ज्यात खरा डेटा असतो. दुसरी कॅटलॉग, म्हणजे कुठली फाइल कुठल्या व्हॉल्यूममध्ये आहे याची नोंद ठेवणारा डेटाबेस. बॅकअपचं कॉम्प्रेशन फक्त पहिल्यावर चालतं. जीझिप कितीही वाढवलं तरी कॅटलॉग एक बाइटसुद्धा कमी होत नाही. तो कमी करायचा तर नोंदींची मुदत, छाटणी आणि डेटाबेसची झाडलोट हाच रस्ता, आणि तोही याच क्रमाने.

पुढचं सगळं बॅक्युला आणि त्याच्या कॅटलॉगसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहिलंय. मायएसक्यूएल असेल तर फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

तयारी: हात लावण्याआधी

काम सुट्टीच्या दिवशी घ्या. पतसंस्थेत मार्चअखेर आणि साखर कारखान्यात गळीत हंगाम चालू असताना हे काम काढूच नका. बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाला कमांड द्यायची खिडकी) ‘स्टेटस डायरेक्टर’ देऊन एकही जॉब चालू नाही याची खात्री करा. मग कॅटलॉगचा एक ताजा डंप, म्हणजे पूर्ण डेटाबेसची मजकुराच्या फाइलमधली प्रत, घेऊन तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्याच भरलेल्या डिस्कवर डंप घेणारे लोक भेटतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. डंपमध्ये इंडेक्सचा (नोंदी पटकन शोधायच्या सूचीचा) डेटा नसतो आणि मजकूर साधा, पुन्हा पुन्हा तोच पाथ असलेला असतो. त्यामुळे जीझिपमधून काढला तर तो मूळ डेटाबेसच्या मानाने फारच लहान होतो. साध्या एक्स्टर्नल डिस्कवर मावतो.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे लाइटचा भरवसा नसतो. सर्व्हर यूपीएसवर आहे का आणि त्या यूपीएसच्या बॅटरीत जीव आहे का, ते आधी बघा. टप्पा ५ मध्ये मध्येच लाइट गेली तर डेटा जात नाही, पण अर्धवट तयार झालेल्या फायली डिस्कवर पडून राहू शकतात. म्हणजे जागा करायला गेलात आणि जागा गेली.

टप्पा १: नक्की काय फुगलंय ते मोजा

‘डीएफ’ने कुठलं पार्टिशन भरलंय ते बघा. मग ‘डीयू’ने चार ठिकाणं वेगवेगळी मोजा: व्हॉल्यूमचं फोल्डर, पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर, बॅक्युलाचं वर्किंग फोल्डर आणि लॉग. वर्किंग फोल्डर बहुतेक जण विसरतात. रात्रीच्या कॅटलॉग बॅकअपआधी बॅक्युला तिथे पूर्ण डेटाबेसचा साधा, न दाबलेला डंप काढतं आणि जॉब झाला की पुसतं. जॉब फेल झाला तर पुसणारी स्क्रिप्ट चालतच नाही आणि ती भली मोठी एसक्यूएल फाइल तिथेच राहते. अॅट्रिब्यूट स्पूलिंग (फाइल नोंदी आधी तात्पुरत्या साठवून मग कॅटलॉगमध्ये टाकणं) चालू असेल तर त्याच्या तात्पुरत्या फायलीही तिथेच साचतात.

डेटाबेसच मोठा निघाला तर पोस्टग्रेसला टेबलनिहाय आकार विचारा. बहुतेक वेळा ‘फाइल’ हे टेबल पहिलं येतं आणि बाकीची टेबलं त्याच्या जवळपासही नसतात. मग बीकन्सोलमध्ये ‘लिस्ट जॉब्स’ काढा आणि ‘जॉबफाइल्स’च्या रकान्यावरून नजर फिरवा. एखाद्या मशीनचा आकडा इतरांच्या कित्येक पट असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. बहुधा कुणाच्या तरी ब्राउझरची कॅश, थंबनेल किंवा टेम्प फोल्डर बॅकअपमध्ये येत असतं. कॅटलॉगला फाइल केवढी मोठी आहे याच्याशी घेणंदेणं नाही, किती आहेत याच्याशी आहे. एक केबीची फाइल आणि एक जीबीची फाइल, दोन्हींची नोंद एकेकच.

सावधान: पोस्टग्रेसचं ‘वॉल’ फोल्डर (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) मोठं दिसलं म्हणून त्यातल्या फायली हाताने काढू नका. ते जुने लॉग नसतात. त्यातली एखादी फाइल गेली तर डेटाबेस पुन्हा सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

टप्पा २: नोंदींची मुदत ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

बॅक्युलात मुदती तीन आहेत. फाइल रिटेन्शन ठरवतं की एकेका फाइलची नोंद किती दिवस ठेवायची. न सांगितल्यास ६० दिवस. जॉब रिटेन्शन म्हणजे तो जॉब झाला होता ही नोंद किती दिवस. न सांगितल्यास १८० दिवस. व्हॉल्यूम रिटेन्शन म्हणजे व्हॉल्यूम कधी पुन्हा वापरायला मोकळा धरायचा. न सांगितल्यास ३६५ दिवस.

फाइलची नोंद गेली म्हणजे फाइल गेली असं नाही. व्हॉल्यूममध्ये ती असतेच. फक्त रिस्टोअर करताना फोल्डरांच्या झाडातून नेमकी ती फाइल निवडता येत नाही, अख्खा जॉब काढावा लागतो, नाहीतर नावाचा नमुना (रेग्युलर एक्स्प्रेशन) अंदाजाने द्यावा लागतो. जॉबची नोंदही गेली तर बीस्कॅनने व्हॉल्यूम वाचून कॅटलॉग पुन्हा उभा करावा लागतो, आणि ते काम तासन्‌तास चालतं.

आता पतसंस्थेचा विचार करा. ३१ मार्चच्या रात्री घेतलेल्या बॅकअपच्या फाइल नोंदी ६० दिवसांच्या हिशेबाने ३० मेला मुदत ओलांडतात. ऑडिटर जुलैत येऊन ‘मार्चअखेरची ती एक शीट दाखवा’ म्हणाले तर? नेमकं नाव माहीत नसेल तर त्या एका शीटसाठी पूर्ण सर्व्हर रिकाम्या डिस्कवर उतरवायची वेळ येऊ शकते. म्हणून मुदत ठरवायला आधी ऑडिट कधी होतं ते विचारा, डिस्क किती आहे ते नंतर. माझ्या मते पतसंस्थेला फाइल रिटेन्शन सहा महिन्यांखाली नेऊच नये. फाउंड्रीच्या ड्रॉइंगच्या मशीनला मात्र ६० दिवस पुरतात, कारण तिथे जुनी फाइल लागते ती बहुतेक ‘काल चुकून पुसली’ एवढ्याच जुनेपणाची.

तीन नियम पाळा:

फाइल रिटेन्शन जॉब रिटेन्शनपेक्षा मोठं ठेवू नका. जॉबची नोंद गेली की तिच्या फाइल नोंदीही जातात. जास्तीची मुदत नुसती कागदावर राहते.

व्हॉल्यूम रिटेन्शन सगळ्यात मोठं ठेवा. त्याची मुदत संपून व्हॉल्यूमची छाटणी झाली की त्यावरच्या जॉबच्या नोंदी, त्यांची स्वतःची मुदत शिल्लक असली तरी, निघून जातात.

फुल (सगळ्या फायलींचा) बॅकअप महिन्यातून एकदा असेल तर फाइल रिटेन्शन लागोपाठच्या दोन फुलमधल्या अंतराहून जास्तच हवं. नाहीतर इन्क्रिमेंटलच्या (मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या फायलींच्या) नोंदी आहेत पण ज्यावर त्या उभ्या आहेत त्या फुलच्या नाहीत, अशी अवस्था होते आणि रिस्टोअरचं झाड अर्धवट दिसतं.

टप्पा ३: नोंदी मुळात कमी होतील असं बघा

मुदत कमी करण्याआधी हे करून बघा. बऱ्याचदा मुदतीला हात लावायची गरजच उरत नाही.

एका नोंदीला साधारण १५० बाइट धरा. समजा संस्थेत ६ मशीन आहेत, प्रत्येकावर ८०,००० फायली, रोज साधारण २,००० बदलतात, मुदत ६० दिवस. दर आठवड्याला फुल घेत असाल तर ६० दिवसांत साधारण ९ फुल आणि ५१ इन्क्रिमेंटल होतात. एका मशीनच्या ८,२२,००० नोंदी, सहा मशीनच्या ४९,३२,००० आणि आकार सुमारे ७४० एमबी. तेच महिन्याला एक फुल, बाकीच्या आठवड्यांना साधारण ८,००० फायलींचं डिफरन्शियल (मागच्या फुलनंतर बदललेलं सगळं) आणि रोज इन्क्रिमेंटल असं केलं तर ६० दिवसांत २ फुल, ७ डिफरन्शियल, ५१ इन्क्रिमेंटल. एका मशीनच्या ३,१८,००० नोंदी, सहा मशीनच्या १९,०८,००० आणि आकार सुमारे २८६ एमबी. इंडेक्स धरल्यावर दोन्ही आकडे बरेच वाढतात, पण प्रमाण तेच राहतं. नुसतं वेळापत्रक बदलून निम्म्याहून जास्त जागा वाचली आणि एकही नोंद वेळेआधी गेली नाही.

दुसरं, कॅश, टेम्प, थंबनेल ‘एक्सक्लूड’मध्ये टाका. बदल केल्यावर बीकन्सोलमधली ‘एस्टिमेट’ कमांड चालवून आकडा उतरला का ते बघा.

आपल्या भागातली एक खास गोष्ट. फायलींची नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. ‘अहवाल’ या नावाला १५ बाइट. आवृत्ती ११ पासून बॅक्युला फाइलचं नाव वेगळ्या टेबलात न ठेवता प्रत्येक नोंदीतच ठेवतं, त्यामुळे ‘संचालक मंडळ मासिक सभा इतिवृत्त अंतिम दुरुस्त’ असली नावं दर फुलला पुन्हा साठतात. म्हणून कुणाची नावं बदलायला लावू नका. फक्त अशा मशीनसाठी १५० चा आकडा वाढवून धरा.

सावधान: ‘इन्क्लूड’ किंवा ‘एक्सक्लूड’ची यादी बदलली की बॅक्युला फाइलसेट (बॅकअपमध्ये काय घ्यायचं याची यादी) नवा समजतं आणि पुढचा जॉब आपोआप फुल घेतं. सहाही मशीनची यादी एकाच दिवशी बदलली तर त्याच रात्री सहा फुल सुरू होतील, तेही आधीच भरलेल्या डिस्कवर. एकेक मशीन करत जा.

टप्पा ४: छाटणी, म्हणजे प्रून

नव्या मुदती कॉन्फिग फाइलमध्ये लिहिल्या, डायरेक्टरला (बॅक्युलाचा मुख्य प्रोग्राम) ‘-टी’ देऊन फाइल तपासली, बीकन्सोलमध्ये ‘रीलोड’ दिलं. क्लायंटच्या, म्हणजे ज्या मशीनचा बॅकअप घेतो त्यांच्या, मुदती लागू झाल्या. पूलच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या गटाच्या, मात्र झाल्या नाहीत! व्हॉल्यूम रिटेन्शन प्रत्येक व्हॉल्यूमच्या नोंदीत तो तयार होताना लिहिलं जातं. जुन्या व्हॉल्यूमना नवी मुदत द्यायची तर ‘अपडेट’ कमांडमधून आधी पूल रिसोर्सवरून अपडेट करा आणि मग व्हॉल्यूम पॅरामीटर्समध्ये जाऊन पूलमधले सगळे व्हॉल्यूम अपडेट करा. दुसरी पायरी राहिली की महिनाभराने ‘मुदत बदलूनही काही होत नाही’ अशी तक्रार येते.

आता एकेका क्लायंटसाठी ‘प्रून फाइल्स’ आणि मग ‘प्रून जॉब्स’ चालवा. ऑटोप्रून चालू असतं, मग हाताने कशाला? कारण क्लायंटचं ऑटोप्रून त्या क्लायंटचा जॉब संपल्यावरच चालतं. मोडीत काढलेल्या मशीनचा जॉब होतच नाही, म्हणून त्याच्या नोंदी वर्षानुवर्षं पडून राहतात. जुन्या बसवणुकीत मला सगळ्यात जास्त मेद इथेच सापडतो. मशीन काढून टाकलं तरी त्याचं नाव कॉन्फिगमधून लगेच पुसू नका. आधी त्याच्या नोंदी मुदतीप्रमाणे प्रून होऊ द्या, मग नाव काढा.

सावधान: ‘प्रून’ आणि ‘पर्ज’ एक नव्हेत. प्रून मुदत बघून छाटतं, पर्ज मुदत बघतच नाही. जागेच्या घाईत पर्ज दिलं की कालच्या बॅकअपची नोंदही गेली.

तपासा: छाटणीनंतर एखादी मुदतीतली फाइल ‘रिस्टोअर’मधल्या झाडात दिसते का ते बघा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, डंप हाताशी आहे.

यानंतर हवं तर डीबीचेक चालवा. कुठल्याच जॉबशी न जुळणारे अनाथ पाथ आणि नोंदी ते शोधतं. आधी नुसतं तपासायला सांगा, दुरुस्ती नंतर. मोठ्या कॅटलॉगवर ते फार रेंगाळतं, वर्षातून एकदा पुरे.

टप्पा ५: डेटाबेस आकसवा

छाटणी झाली, ‘डीएफ’ बघितलं, आकडा तोच. घाबरून पुन्हा छाटू नका. खतावणीतल्या जुन्या ओळी खोडल्या म्हणून वहीची पानं कमी होत नाहीत, तसंच हे. पोस्टग्रेस पुसलेल्या नोंदींची जागा साध्या ‘व्हॅक्यूम’ने पुन्हा वापरण्याजोगी करतं, ती जागा ऑपरेटिंग सिस्टमला क्वचितच परत देतं. ऑटोव्हॅक्यूम चालू असेल तर नव्या नोंदी त्याच मोकळ्या जागेत बसतात आणि डेटाबेस वाढायचा थांबतो. बहुतेक ठिकाणी एवढंच पुरेसं असतं, इथेच थांबा.

डिस्कवर खरोखरच जागा परत हवी असेल तर ‘व्हॅक्यूम फुल’. ते टेबलची नवी प्रत लिहून काढतं आणि मग जुनी टाकतं. म्हणजे काम चालू असताना दोन्ही प्रती डिस्कवर असतात. उरलेल्या नोंदी आणि त्यांचे इंडेक्स मावतील एवढी मोकळी जागा आधीच हवी. डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबणारे इथेच अडकतात. शिवाय तेवढा वेळ टेबल पूर्ण कुलूपबंद असतं, म्हणून डायरेक्टर बंद करूनच चालवा.

जागाच नसेल तर? ताजा डंप दुसऱ्या डिस्कवर घ्या, तो नीट उघडतो हे दुसऱ्या मशीनवर लोड करून बघा, मगच डेटाबेस पाडून नव्याने भरा. नवा डेटाबेस बनवताना एन्कोडिंग ‘एसक्यूएल अॅस्की’ ठेवा, बॅक्युलाची स्वतःची स्क्रिप्ट तेच करते. सवयीने यूटीएफ-८ दिलं आणि जुन्या सांबा शेअरवरच्या (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरातल्या) एखाद्या फाइलच्या नावात वेडेवाकडे बाइट असले की लोड मध्येच थांबतं.

मायएसक्यूएलवर याच कामाला ‘ऑप्टिमाइझ टेबल’ आहे. तेही टेबल नव्याने लिहितं, तेव्हा जागेची अट तीच. सगळी टेबलं एकाच सामायिक फाइलमध्ये असतील तर मात्र ती फाइल लहान होत नाही. तिथे डंप काढून पुन्हा भरण्याला पर्याय नाही.

टप्पा ६: व्हॉल्यूमची जागा आणि कॉम्प्रेशन

कॅटलॉग ताळ्यावर आला की मग व्हॉल्यूम. ‘पर्ज्ड’ दिसणारा व्हॉल्यूम रिकामा नसतो. पुन्हा वापरात येईपर्यंत त्याची फाइल डिस्कवर पूर्ण आकाराने बसून असते. पूलमध्ये ‘अॅक्शन ऑन पर्ज’ला ‘ट्रंकेट’ दिल्याने नुसती परवानगी मिळते. प्रत्यक्ष रिकामं करायला ‘ट्रंकेट’ कमांड वेगळी चालवावी लागते. ती एखाद्या अॅडमिन जॉबमध्ये आठवड्याला लावून टाका. बीकन्सोलमधल्या ‘डिलीट व्हॉल्यूम’ने उलटं होतं: नोंद जाते, फाइल डिस्कवर राहते.

व्हॉल्यूमला आकाराची आणि पूलला संख्येची मर्यादा घालाच, आणि गुणाकार जपून करा. डब्यावर २ टीबी लिहिलेली डिस्क १०२४ च्या हिशेबात सुमारे १,८६२ जीबी भरते. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टम त्यातली ५ टक्के जागा रूटसाठी राखते आणि थोडी स्वतःसाठी घेते. बॅक्युलात ‘५०जी’ म्हणजे १०२४ च्या हिशेबातले ५०, ‘५०जीबी’ म्हणजे १००० च्या हिशेबातले. तेव्हा ‘५०जी’चे ३६ व्हॉल्यूम त्या डिस्कवर मावत नाहीत, ३३ धरा.

कॉम्प्रेशन फाइलसेटच्या ‘ऑप्शन्स’मध्ये लागतं आणि काम क्लायंटचं मशीन करतं. नुसतं ‘जीझिप’ लिहिलं तर पातळी ६. त्यावर जाऊन फारसं काही मिळत नाही, फक्त प्रोसेसर तापतो. काउंटरवरचं जुनं मशीन असेल तर ‘एलझेडओ’ घ्या. कमी दाबतं, पण भराभर उरकतं. टेप ड्राइव्ह स्वतः कॉम्प्रेस करत असेल तर इथलं बंद ठेवा.

जेपीजी, एमपी४, झिप आधीच दाबलेल्या असतात. त्यांच्यासाठी कॉम्प्रेशन नसलेला ‘ऑप्शन्स’चा वेगळा ब्लॉक करा आणि तो वर ठेवा, कारण फाइलला पहिला जुळणारा ब्लॉक लागू होतो. दोन चुका हमखास होतात. एक, सिग्नेचर (फाइल शाबूत आहे का ते तपासायची खूण) फक्त खालच्या ब्लॉकमध्ये लिहिणं. एका ब्लॉकमधलं दुसऱ्यात उतरत नाही, दोन्हीकडे लिहावं लागतं. दुसरी, ‘इग्नोर केस’ विसरणं. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंचं एक्स्टेन्शन बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतं, मग तेच फोटो सुटतात.

तपासा: दुसऱ्या दिवशी जॉब रिपोर्टमधली ‘सॉफ्टवेअर कॉम्प्रेशन’ची ओळ बघा. तिथे ‘नन’ दिसलं तर स्टोरेज रिसोर्समध्ये ‘अलाऊ कॉम्प्रेशन’ बंद आहे का ते बघा. जुने व्हॉल्यूम मात्र होते तसेच राहतात. कॉम्प्रेशन नव्या बॅकअपपासून लागू होतं.

टप्पा ७: कॅटलॉगचा स्वतःचा बॅकअप

बॅक्युलासोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये ‘कॅटलॉग’ या फाइलसेटला कॉम्प्रेशन नसतं. तिथे जीझिप लावा, कारण एवढा दाबला जाणारा डेटा दुसरीकडे मिळणार नाही. हा जॉब बाकी सगळ्या जॉबनंतर चालला पाहिजे आणि त्याचा पूल वेगळा हवा. त्याची बूटस्ट्रॅप फाइल सर्व्हरबाहेर, मेलवर किंवा दुसऱ्या मशीनवर, जाईल असं करा. कॅटलॉगच गेला तर कॅटलॉगचा बॅकअप कुठे आहे हे सांगायला तीच फाइल उरते. नव्या व्यवस्थेत पहिला कॅटलॉग बॅकअप झाला की ती बूटस्ट्रॅप फाइल उघडून बघा. त्यातलं व्हॉल्यूमचं नाव डिस्कवरच्या व्हॉल्यूमशी जुळलं पाहिजे.